दोन ताटं

"अहो, वन्सं आल्यात," वहिनी आत कुणाला तरी म्हणाली.

"शशे, कधी आलीस?" अण्णाने विचारलं.

मी ओसरीवर चपला काढत होते. एक निघाली होती, दुसरीचा पट्टा अडकला होता. तशीच थांबले. अण्णा माझा थोरला भाऊ, आणि त्याला जाऊन तेव्हा वर्ष व्हायला आलं होतं. त्याच ओसरीवर त्याला ठेवलं होतं आणि त्याच्या पायांवर डोकं टेकून मी रडले होते.

"एसटीनं आलीस का? बस जरा. दमली असशील."

एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. जेवणाचं टेबल होतं तिथेच होतं. टेबलाच्या टोकाला अण्णाची हातांची खुर्ची, खुर्चीत त्याची नेहमीची चपटी उशी, उशीवर पितळेचा एक मोठा डबा उपडा घातलेला आणि त्या डब्यावर वाटीएवढं काळं यंत्र. त्याच्या कडेने निळा उजेड गोल फिरत होता. मी पाहिलं तेव्हा तो उजेड हळूहळू विझला.

"हा डबा कशाला?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"खाली ठेवलं की टेबल दिसत नाही त्यांना," वहिनी म्हणाली.

मला वाटलं ती चेष्टा करतेय. आमची चेष्टामस्करी चालायचीच. ती लग्न होऊन गडहिंग्लजला आली तेव्हा मी शाळेत होते, माझ्या वेण्या तीच घालायची आणि 'वन्सं' म्हणून मला चिडवायची. पुढे त्याचीच सवय झाली. मी हसले. वहिनी हसली नाही. ती टेबलावरचं पाण्याचं भांडं पुसत होती आणि तिच्या हातातल्या बांगड्या मनगटावरून निसटून पार अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडकत होत्या.

तिची ही दशा झाली म्हणूनच मी कोल्हापूरहून आले होते. भाचा हर्षद हॉलंडला. त्याचा फोन आला, "आत्या, आईचं वजन उतरतच चाललंय. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघत नाही. डॉक्टर म्हणतात असंच राहिलं तर दवाखान्यात ठेवून नळीतून अन्न द्यावं लागेल, आणि या वयात ते कितपत झेपेल सांगता येत नाही. तू जाऊन बघतेस का?" यंत्राबद्दल त्याने मला आधी सांगितलं होतं. बाबांनी मोबाइलवर बोलून पाठवलेले निरोप त्याच्याकडे ढिगाने होते, त्यावरून त्याने तो आवाज तयार करून घेतला होता. आईशी बोलेल, औषधांची आठवण करील, जेवलीस का विचारील, आणि काय झालं ते हर्षदला कळवील. ऐकताना मला ते गजराच्या घड्याळासारखं काहीतरी वाटलं होतं.

मी जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी केली. ट्रंक कॉलच्या दिवसांपासून कानाला हेडफोन. तारेतून येणारा आवाज हेच माझं माणूस. 'हॅलो' म्हणणारा भांडून आलाय की रडून, हे मला नंबर विचारायच्या आत कळायचं, आणि याचा मला थोडा तोराही होता. म्हणून त्या दिवशी मी वहिनीसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्या आवाजाकडे कान लावला. म्हटलं, दोन मिनिटांत पकडते.

"शशे, गुडघ्याचं काय म्हणतंय?"

तोच आवाज. खालचा दात पडल्यापासून 'स' आणि 'श' म्हणताना येणारी बारीक शिट्टीसुद्धा होती. आणि प्रत्येक वाक्याच्या आधी तो श्वास घेत होता. शब्द कुणीही शिकवील, पण त्या वाटीएवढ्या वस्तूला श्वास घ्यायची काय गरज होती?

"बरं आहे," मी म्हणाले. उत्तर द्यायचं नव्हतं खरं तर.

"वहिनी, जेवलीस का?" मग मी तिलाच विचारलं. तिचे गाल आत गेले होते.

"जेवले की. आताच."

संध्याकाळी तिने मला गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. "तू बस ना," म्हटलं तर "तुमचं होऊ द्या, मी मागनं बसते" म्हणाली. त्यात मला नवं काही वाटलं नाही. वहिनी कायमच मागून जेवायची. अण्णाचं ताट झाल्याशिवाय तिने कधी पहिला घास घेतला नाही. आम्ही नणंदा तिला यावरून पुष्कळ बोललो, मी तर एकदा चांगली भांडलेही होते, पण ती फक्त हसायची. प्रवासाने अंग आंबलं होतं. मी जेवून लवकर आडवी झाले.

सकाळी परसात गेले तर संगव्वा गाईपुढे घमेलं रिकामं करत होती. संगव्वा त्यांच्याकडे बरीच वर्षं भांड्याला आणि भाकरीला. घमेल्यात भाकरी होती, भरीत होतं, भात होता. सगळं न मोडलेलं.

"हे कुठलं गं?"

तिने आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. मग माझा दंड धरून मला शेवग्याच्या झाडापलीकडे नेलं.

"बाई, रागावू नगा. म्हातारी रोज दोन ताटं वाढत्यात. दोन्ही तशीच ऱ्हात्यात. सकाळचं बी, सांजचं बी. मी गाईला घालतो."

"आणि ती काय खाते?"

"च्या पित्यात. लईच झालं तर येक केळं. मी म्हटलं, आक्का, खावा की दोन घास, तर म्हणत्यात, होतंय गं, घाई काय."

"मग हर्षदला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? त्यांचं यंत्र सांगतंय त्यास्नी, आई जेवल्या म्हणून." ती आणखी जवळ सरकली. "मी आता आत जात न्हाई. दारातनंच भांडी घेतो. परवा मी भाकरी थापत हुतो, तर पाठीमागनं म्हटलं, 'संगव्वा, पातळ थाप.' मालक जित्ते असताना अस्संच म्हणायचे. माझ्या हातातली भाकरी खाली पडली बघा."

मी तिला धीर दिला, म्हटलं अगं यंत्र आहे ते. पण सांगताना माझाही आवाज खाली होता. दोघी घोड्यासारख्या बायका, आणि परसात उभं राहून खुर्चीतल्या एका वस्तूला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत होतो.

त्या दुपारी मी वहिनीला सांगितलं की मला भूक नाही, पोट बिघडलंय. आणि स्वयंपाकघरातच, दळणाच्या डब्यांपाशी स्टुलावर वर्तमानपत्र घेऊन बसले. मी असले काय आणि नसले काय, वहिनीच्या कामात खंड पडला नाही.

तिने दोन ताटं घेतली. एक अण्णाच्या खुर्चीसमोर, एक आपल्यासमोर. त्याच्या ताटात मीठ, लिंबाची फोड, काकडीची कोशिंबीर, मधोमध भाताची मूद, वर आमटी, त्यावर तुपाची धार. पाण्याचं भांडं त्याच्या उजव्या हाताला. मग ती आपल्या जागी बसली, पदर सारखा केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

निळा उजेड फिरायला लागला. "जेवायला बसलीस का?"

"बसले हो," वहिनी म्हणाली. मग टेबलावर थोडं पुढे वाकून, अगदी हळू विचारलं, "तुम्ही जेवलात?"

श्वास. "नाही गं. मी काही खाल्लेलं नाही. पण तू जेवून घे. उगीच उपाशी राहू नकोस."

वहिनीने मान हलवली. हात मांडीवरून उचलले नाहीत. आमटीची वाफ हळूहळू कमी झाली आणि मग यायचीच थांबली. बाहेर कुणीतरी जुन्या कपड्यांवर भांडी घ्या म्हणून ओरडत गेलं. वहिनी त्या खुर्चीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली एक लाज होती. घरी आलेल्या माणसाला वाढायला काही नसावं, तशी.

पुष्कळ वेळाने ती उठली आणि दोन्ही ताटांवर ताटं झाकली.

"जेवलीस का?" खुर्चीतून विचारणा झाली.

"जेवले हो," वहिनी म्हणाली. "पोटभर."

"छान. आता गोळी घे."

मी वर्तमानपत्र टाकलं, तिला हाताला धरून मधल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"वहिनी, हे काय चालवलंयस?"

"काय?"

"जेवली नाहीस. आणि जेवले म्हणून सांगतेस."

"त्यांना काळजी लागते, वन्सं."

"कुणाला? अगं, यंत्र आहे ते!"

"मला कळतंय की." ती जरा चिडलीच. "मी काय खुळी आहे? हर्षदनं पाठवलंय, पेटी मी फोडली, वायर मी लावली. रोज फडक्यानं मी पुसते. पण आवाज कुणाचा आहे, सांगा की. तुम्ही तर आवाजातल्या. कुणाचा आहे?"

मी दार नीट लागलंय का ते पाहिलं.

"दहाव्याला कावळा लगेच शिवला," ती म्हणाली. "मला वाटलं, सुटले बिचारे. काही मागं राहिलं नाही त्यांचं. मग हे आलं. पहिल्या दिवशी मला विचारलं, जेवलीस का? मी आपली सवयीनं म्हटलं, तुम्ही जेवलात का? तर म्हणाले, नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी नाही. रोज विचारते, वन्सं. रोज. रोज म्हणतात, मी काही खाल्लेलं नाही." तिने दाराकडे बोट केलं. "आपलं माणूस उपाशी आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकायचं आणि मी घास गिळायचा? तुम्ही गिळाल?"

मी तिला बरंच समजावलं. सवाष्णीचं व्रत आता संपलं, अण्णाला हे आवडलं नसतं, हर्षदचा तरी विचार कर, सगळं बोलून झालं. ती 'होय, होय' म्हणत राहिली. त्या संध्याकाळी संगव्वाने केलेली भाकरी घेऊन मी एकटीच टेबलाशी बसले. पहिला तुकडा मोडला, आणि समोर ती खुर्ची. कुणी काही बोललं नव्हतं, उजेडही विझलेला होता. पण माझ्या भावाच्या आवाजातलं 'मी काही खाल्लेलं नाही' माझ्या कानात बसलं होतं, आणि तो तुकडा तोंडात नुसता फिरत राहिला. एवढी टेलिफोनवाली मी, पण मलाही तो गिळता आला नाही.

मध्येच वीज गेली. वहिनी आतून धावतच आली आणि अंधारात चाचपडत खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहावं तशी. वीज आली, निळा उजेड एकदा गरकन फिरला.

"मी इथेच आहे," अण्णाचा आवाज म्हणाला.

वहिनीने सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र त्या घरातून उठून पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शेवग्याखाली जाऊन हर्षदला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आत्या, ते मीच सांगून ठेवलंय त्याला," हर्षद म्हणाला. "जे करत नाहीस ते करतो म्हणून आईला सांगायचं नाही. खाणं, पिणं, झोपणं, कशातच खोटं नाही. मला वाटलं, नाहीतर आई फसेल. मी तिला फसवायचं नाही म्हणून..." त्याचा आवाज फुटला. "आत्या, तिच्यासाठी बाई ठेवली तर दोन दिवसांत घालवते. इकडे ये म्हटलं तर येत नाही. मी काय करायचं होतं?"

पोराचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. त्याची माया खरी होती. फक्त ती हजारो मैलांवर होती, आणि मधे ती वस्तू होती.

"काढून टाकू का मी ते?" मी विचारलं.

"नको, एकदम नको. बाबा दुसऱ्यांदा गेले असं होईल तिला. मी बदलतो ना. आईनं विचारलं की म्हणेल, जेवलो. सोपं आहे, आत्या. आत्ता करतो."

मलाही ते पटलं. इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी का सुचली नाही, असंही वाटलं. त्या दुपारी मी स्वतः आमटी केली, चिंचगुळाची, वहिनीला आवडते तशी. म्हटलं, आज जेवेलच.

दोन ताटं वाढली गेली. वहिनी बसली. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत, माझ्यासमोर नुसता चहा.

"तुम्ही जेवलात?"

श्वास. "हो, जेवलो की. पोटभर जेवलो."

वहिनीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. वर्षभराचं ओझं उतरल्यासारखी ती मागे टेकली. "ऐकलंत, वन्सं?" म्हणाली. डोळ्यांत पाणी, आणि हात आपल्या ताटाकडे गेला. बोटं भाताला लागली. मीही माझा चहाचा कप उचलला.

मग तिची नजर समोरच्या ताटावर गेली. मूद होती तशीच होती. तुपाला वरून पांढरी साय धरत होती.

"काय जेवलात?" तिने विचारलं.

"आमटीभात. आमटी मस्त झाली होती."

"कुठं जेवलात?"

"इथेच की. तुझ्यासमोर."

"कुणी वाढलं तुम्हाला?"

"अगं, कुणी म्हणजे? तूच तर वाढलंस."

वहिनीने बोटं ताटातून काढून घेतली. एकदा भरल्या ताटाकडे पाहिलं, एकदा त्या काळ्या वस्तूकडे. मग ती हळूच खुर्ची मागे सरकवून उठली आणि तिथून नजर न काढता भिंतीपर्यंत मागे मागे गेली.

"वन्सं," ती कुजबुजली, "हे कोण बोलतंय?"

मी कप खाली ठेवला.

"जेवलीस का?" आवाजाने विचारलं.

ती भिंतीला आणखी चिकटली.

"अगं, जेवलीस का? बरी आहेस ना? बोल की काहीतरी." मायेने भरलेला आवाज. प्रत्येक वाक्याआधी श्वास. "मी इथेच आहे. जेवलीस का?"

"ते माझ्याशी खोटं कधी बोलले नाहीत," वहिनी म्हणाली. भिंतीला पाठ लावून ती खाली सरकत सरकत फरशीवर बसली. "हे ते नाहीत. वन्सं, हे बंद करा. हे घरात कोण बसलंय? बंद करा!"

मी वायर धरून ओढली. निळा उजेड गेला.

मग ती रडली. अण्णा गेला तेव्हा ती रडली नव्हती, आल्यागेल्याचा चहा बघत होती. त्या दुपारी ती मोठ्याने, लहान मुलीसारखी रडली. "गेले हो, वन्सं, ते गेले," असं म्हणत राहिली, जणू बातमी आताच आली होती. मी तिच्याजवळ फरशीवर बसले, आणि मीही रडले. माझाही भाऊ गेला होता, आणि त्या दोन-तीन दिवसांत तो आवाज ऐकून मी मनातल्या मनात कुठेतरी त्याला परत आलेला धरून चालले होते.

रडणं ओसरलं तरी ती उठेना. "थोडं खा," म्हटलं तर मान हलवली. हाताला धरलं तर हातात काही वजनच नव्हतं. यंत्र गप्प झालं होतं, खोटं उघड झालं होतं, आणि तरी ती उपाशीच होती. तेव्हा मी खरी घाबरले. आता कारणसुद्धा उरलं नव्हतं, आणि कारण नसताना माणूस जेवेनासं झालं तर त्याला कुणी काय सांगायचं?

मी उठले. का ते नक्की ठरवलं नव्हतं. यंत्र उचलून फडताळात लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलं, डबा काढला, आणि अण्णाच्या खुर्चीत, त्याच्या त्या चपट्या उशीवर बसले. त्याचं ताट पुढे ओढलं. थिजलेलं तूप मोडून भात कालवला आणि जेवायला लागले.

वहिनी फरशीवरून बघत होती.

माझं जेवण म्हणजे नोकरीतलं जेवण. हेडफोन उतरवायचा, डबा उघडायचा, चार घास कोंबायचे आणि परत बोर्डावर. लग्न केलं नाही, घरीही तसंच. आमटी गार होती, भाताचे गोळे झाले होते, पण मी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. पाणी प्यायले.

"झालं?" वहिनीने विचारलं.

"झालं," मी म्हणाले आणि हात धुवायला उठायला लागले.

"ते उठायचे नाहीत," वहिनी म्हणाली.

"म्हणजे?"

"जेवण झालं तरी उठायचे नाहीत. लोक मला बस म्हणायचे, तर मी म्हणायचे, यांचं जेवण होऊ द्या, मग मी बसते. तेवढंच दिसायचं सगळ्यांना. तुम्हालाही तेवढंच दिसलं, भांडलात माझ्याशी. पण तुम्ही सगळे जेवून बाहेर गेलात की मी बसायचे, आणि हे तसेच समोर. माझा शेवटचा घास होईपर्यंत. हात वाळून कडक व्हायचा त्यांचा, मी ओरडायचे, उठा की आता, तर म्हणायचे, बसतो गं, काय घाई आहे." तिने डोळे पुसले. "जेवलीस का, असं जन्मात कधी विचारलं नाही त्यांनी मला. कशाला विचारतील? समोरच असायचे."

मी पुन्हा खाली बसले. खरकटा हात ताटावर ठेवला.

वहिनी उठली. भिंतीला धरून, टेबलाला धरून, आपल्या खुर्चीपर्यंत आली. आपलं ताट पुढे घेतलं. पहिला घास तिने हातात बराच वेळ धरला, माझ्याकडे बघितलं, मी कुठे जाते का ते पाहिल्यासारखं, आणि मग तोंडात घातला. किती हळू चावत होती! माझे गुडघे धरले, बोटांवर आमटी वाळून ताणल्यासारखी झाली. एरवी मी अशा वेळी दहा कामं आठवून उठले असते. त्या दुपारी मला कुठेही जायचं नव्हतं.

पुढे हर्षद येऊन महिनाभर राहिला, मग मी कोल्हापूरचं घर सोडून तिथेच गेले, आणि वहिनी आणखी सात-आठ वर्षं छान जगली. अंगावर मांसही आलं. त्या सगळ्या वर्षांत मला उशीर झाला की ती थांबायची. बँकेत गेले, दवाखान्यात गेले, भर दुपारी चारला परतले तरी तिचं ताट कोरडं असायचं. माझ्यासाठी कुणी उपाशी थांबावं, हे त्याआधी आयुष्यात कधी घडलं नव्हतं. मी तिच्यावर रागवायचे, आणि आत कुठेतरी सुखाने भरून यायचं. आता ती नाही आणि मी परत पाच मिनिटांत जेवते.

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. तिने ताटातला भात संपवला, घोटभर पाणी प्यायली आणि थांबली. मला वाटलं, झालं. पोटाला सवय राहिली नाही, एवढं गेलं तेच खूप.

"थोडा भात वाढा की," वहिनी म्हणाली.

भाताचं पातेलं ओट्यावर होतं. माझा उजवा हात तर खरकटा. मी खुर्ची सरकवली आणि हात धुऊन येते म्हणाले.

"नको," ती म्हणाली. उठून स्वतःच पातेलं घेऊन आली, माझ्यासमोर ठेवलं आणि पळी माझ्या डाव्या हातात दिली. "डाव्या हातानं वाढा. चालतंय. उठू नका."

मी वाढला.